हॅलोताईचं ‘ठेवते’

हॅलोताईला खऱ्या नावाने हाक मारणारं इस्पितळात कुणी उरलंच नव्हतं. ते नाव पगाराच्या यादीत तेवढं असायचं, आणि तिथे सही करताना तिचं स्वतःचं बोटही एकदा त्यावरून पुढे निघून जायचं. टेलिफोनच्या खोलीत लागली तेव्हा तिचा आवाज असा होता, की घाबऱ्याघुबऱ्या फोन करणाऱ्या माणसाला नुसत्या तिच्या ‘हॅलो’ने धीर यायचा. त्या एका शब्दावर तिने अर्धी नोकरी काढली, म्हणून आधी हॅलोबाई आणि पुढे केस पिकले तशी हॅलोताई. घरी नवरा शिंपी. रागावला की तो ‘अगं ए’ म्हणायचा आणि लाडात आला की तोही ‘हॅलो’ म्हणायचा. ती मात्र दोन्ही वेळा ‘अहो’च म्हणायची, फरक आवाजाच्या पट्टीत असायचा.

टेलिफोनची खोली म्हणजे जिन्याखालची कोंदट जागा. एक लाकडी बोर्ड, त्याला ओळीने भोकं आणि खाली लोंबणाऱ्या वायरी. बाहेरून फोन आला की वायर बरोबर त्या भोकात खोचायची, मग वॉर्डातला डॉक्टर आणि घरचं माणूस बोलू लागायचं. एवढं कुणीही शिकेल. हॅलोताईचं वेगळेपण वायर काढण्यात होतं. बाकीच्या बायका बोलणं लांबलं की वैतागून वायर खेचायच्या, आणि पलीकडे कुणीतरी ‘अहो, पण ऑपरेशन कधी…’ म्हणत आ वासून राहायचं. हॅलोताई दोन्हीकडून फोन खाली ठेवल्याचं ऐकल्याशिवाय वायरीला हात लावायची नाही. स्वतः बोलत असली तर शेवटी ‘ठेवते हं’ म्हणायची, समोरून ‘हो, ठेवा’ येऊ द्यायची आणि मगच ठेवायची. मध्येच फोन आपटणाऱ्या माणसाबद्दल तिचं मत जे वाईट व्हायचं ते कायमचं, मग तो मोठा सर्जन का असेना. एका सर्जनला तिने तसं तोंडावर सांगितलंही होतं. पुढे तो फोन ठेवताना ‘ठेवतो बाई, ठेवतो’ असं दोनदा म्हणायचा.

मग आपोआप जोडणारं यंत्र आलं आणि जिन्याखालची खोली झाडूबादल्यांना मिळाली. बाकीच्या बायकांनी मिळाले ते पैसे घेतले आणि घर गाठलं. हॅलोताई संगणक विभागाच्या दारात जाऊन उभी राहिली. विभागाच्या प्रमुख मॅडम तिच्यापेक्षा बऱ्याच लहान, वागायला सभ्य, बोलायला तोलूनमापून. त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि अगदी मायेने विचारलं, “ताई, झेपेल का?”

हे ‘झेपेल का’ हॅलोताईला जन्मभर झोंबत आलं होतं. शाळेत गणिताच्या बाईंनी विचारलं, लग्न ठरताना सासूने विचारलं, बोर्डासमोर पहिल्यांदा बसली तेव्हा मुकादमाने विचारलं. विचारणाऱ्याला आपण काही वाईट बोललो असं कधीच वाटत नाही, हा त्यातला खरा राग आणणारा भाग. ती म्हणाली, “नाही झेपलं तर तुम्ही सांगायच्या आधी मी येऊन सांगेन.”

घरी येऊन तिने नवऱ्याला कामाला जुंपलं. कॉलरीत घालायच्या जाड कापडाचा एक लांबट तुकडा त्याने कापला आणि शिंप्याच्या खडूने त्यावर कीबोर्डाचे सगळे चौकोन आखून दिले. भाजी शिजेपर्यंत ती त्यावर बोटं आपटत बसायची. घामाने अक्षरं पुसली की नवरा पुन्हा आखून द्यायचा. “गिऱ्हाइकाची पँट राहिली बाजूला, मी इथे ए बी सी डी शिवतोय,” असं तो म्हणायचा, आणि तरी तिच्या आधी खडू शोधून ठेवायचा. तिला पहिल्या आठवड्यात काही म्हणजे काही जमलं नाही. दुसऱ्या आठवड्यात जमलं ते मशीनला समजलं नाही. पण ‘मी येऊन सांगेन’ म्हटलं होतं ना, मग त्या दाराशी ते सांगायला जाण्यापेक्षा बोटं मोडलेली परवडली, असा तिचा हिशेब होता.

विभागात तिला शिकवलं लंबूने. लंबू हा दुपारच्या पाळीचा ऑपरेटर. तिशी ओलांडलेला, संसारी, कुठल्याही दारातून आत येताना सवयीने मान वाकवणारा. त्याची नोकरी कंत्राटी. कागद दर वर्षी नव्याने व्हायचा, आणि तो हातात पडेपर्यंत लंबू मॅडमच्या टेबलाजवळून चवड्यांवर चालायचा. शिकवताना मात्र त्याचा पाय जमिनीवर असायचा. तो कधी ‘हे सोपं आहे’ म्हणाला नाही, म्हणून हॅलोताईला तो आवडला.

काम असं होतं. रक्ततपासणीचे निकाल प्रयोगशाळेतून एका मोठ्या मशीनमध्ये येऊन पडत. चुकलेले नंबर दुरुस्त करून ते ज्या त्या वॉर्डाकडे रवाना करायचे. त्यासाठी पडद्यावर एक काळी खिडकी उघडायची. तिच्यात चित्रं नाहीत, बटणं नाहीत. नुसती लुकलुकणारी रेघ. आपण एक शब्द लिहायचा, एंटर मारायचा आणि मशीनने तेवढंच करायचं. आधी आपलं नाव आणि पासवर्ड सांगून आत शिरायचं, आणि काम संपलं की ‘एक्झिट’ असं लिहून बाहेर पडायचं. नाही पडलं, तर खिडकी आपल्या नावाने उघडी राहणार, आणि मागून बसणारा जे काही करेल ते आपल्या नावावर चढणार.

“म्हणजे फोन उघडा राहिल्यासारखं,” हॅलोताई म्हणाली.

“अगदी तसंच.”

सगळं पटलं, तो शब्द तेवढा पटला नाही. ‘एक्झिट’ तिने नाटकाच्या थिएटरात दारावर लाल दिव्यात पाहिला होता, आणि त्याच्याखाली माणसं एकमेकांना ढकलत असत. “इतका वेळ त्याच्याशी बोलायचं आणि शेवटी दार दाखवायचं? ही काय रीत झाली?”

“ताई, मशीन आहे ते.”

“असू दे. बोटं माझी आहेत ना?”

लंबू हसला. त्याने तिच्या खात्यात जरा खुडबुड केली. “आता तुम्ही इंग्रजी अक्षरांत ‘ठेवते’ लिहा. मशीन त्याचा अर्थ एक्झिट असा घेईल. फक्त तुमच्यापुरतं हं.”

तिने एकेक अक्षर शोधून ‘ठेवते’ लिहिलं, एंटर मारला आणि खिडकी खरंच मिटली. हॅलोताईला इतका आनंद झाला की काम नसताना ती पुन्हा आत शिरली आणि पुन्हा ठेवून आली.

वर्षं गेली तशी तिच्या निघण्याला एक लय आली. ‘ठेवते’, एंटर, लगेच पडद्याचं बटण बंद, पर्स खांद्याला. निघताना पडदा बंद करायचा हा मॅडमचा नियम होता, विजेच्या बिलासाठी. बाकीचे तो सोयीने विसरायचे. खिडकी उघडी टाकून चहाला जाणाऱ्यांचा हॅलोताई असा समाचार घ्यायची की त्यांना चहा गोड लागू नये. मॅडम नव्या माणसाला सांगायच्या, “काम कुणाकडूनही शिका, बंद करायला ताईंकडून शिका.” हे ऐकलं की हॅलोताई पर्समध्ये काहीतरी शोधायला लागायची, म्हणजे तोंडावरचा आनंद दिसू नये. एक सरावाचं मशीन होतं, खोटे निकाल भरलेलं, शिकाऊ लोकांनी हवी तेवढी मोडतोड करावी म्हणून. त्याची खिडकी तेवढी हॅलोताई आणि लंबू पाळीने बसत त्याच पडद्यावर कायम उघडी असायची, आणि तिला हॅलोताईचीही हरकत नव्हती.

मग जुनं मशीन थकलं आणि नवीन आणलं. सगळ्यांची खाती त्यावर हलवली. पहिल्या दिवशी सकाळची पाळी हॅलोताईची होती. तिने नंबर दुरुस्त केले, निकाल रवाना केले, ‘ठेवते’ लिहिलं, पडदा बंद केला आणि घरी गेली.

दुपारी प्रयोगशाळेत आरडाओरडा सुरू झाला. सकाळपासून आलेले निकाल नाहीसे झाले होते, सगळेच्या सगळे, रवाना केलेलेही, कारण वॉर्डात ते याच मशीनमधून दिसायचे. आदल्या दिवशीपर्यंतची प्रत जपलेली होती, पण त्या सकाळचं काहीच नाही. काही नमुने अजून ठेवलेले होते त्यांच्या तपासण्या पुन्हा झाल्या, आणि बाकीच्यांचं रक्त पुन्हा काढावं लागलं. एका बाईच्या लेकराची शीर सकाळीच सापडता सापडत नव्हती. दुसऱ्यांदा सुई टोचून झाल्यावर ती त्याला कडेवर घेऊन विभागाच्या दारात आली आणि मॅडमना तिने जे सुनावलं ते सगळ्यांनी खाली मान घालून ऐकलं. त्या मुलाच्या दोन्ही हातांना कापूस चिकटवलेला होता.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मशीनने ठेवलेली नोंद काढली आणि सगळ्यांना बोलावलं. निकाल पुसायची आज्ञा हॅलोताईच्या नावाने गेली होती, पण ती घरी गेल्यानंतर. लंबू आपण होऊन बोलला. “हात माझा. सरावाच्या मशीनमधला कचरा मी रोज पुसतो. पडदा सुरू केला तर खिडकी उघडी होती. मला वाटलं, सरावाचीच. नवीन मशीनला अजून नाव दिलेलं नाही, दोन्ही खिडक्या सारख्या दिसतात.”

“पण ती तर ताईंची खिडकी होती,” मॅडम म्हणाल्या.

“हो. उघडी होती.”

“उघडी?” हॅलोताई खुर्चीतून उठलीच. “माझी? मी ठेवलं होतं!”

लंबू तिच्याकडे बघत राहिला. मॅडमनी कागदावरून बोट खाली नेलं आणि एके ठिकाणी थांबवलं. “हे बघा, ताईंनी ‘ठेवते’ लिहिलेलं आहे. पुसलं गेलंय ते त्यानंतर.” मग त्यांनी शांतपणे विचारलं, “ताईंचा पासवर्ड कुणाकुणाला माहीत आहे?”

यात विचारण्यासारखं काय होतं? हॅलोताईचा पासवर्ड काय असेल हे फाटकावरचा रखवालदारसुद्धा एका दमात सांगू शकला असता. म्हणजे लंबू तिच्या नावाने आत शिरला, तिथे घोळ घातला, आणि आता ‘उघडी होती’ म्हणून तिच्या अंगावर ढकलतोय. असं कुणी म्हटलं नाही, पण सगळ्यांना ते न सांगता कळलं. लंबूचा कागद नेमका त्याच महिन्यात नव्याने व्हायचा होता. तो झाला नाही. शेवटच्या दिवशी निघताना तो तिच्या टेबलाशी येऊन थांबला. हॅलोताईने मान वर केली नाही. थोड्या वेळाने त्याच्या चपला लांब जाताना तिने ऐकल्या.

नवीन मशीन चौकशीपुरतं बंद ठेवलं गेलं आणि सगळे पुन्हा जुन्यावर आले. तिथे ‘ठेवते’ लिहिलं की खिडकी मुकाट्याने मिटायची. रोज मिटायची, आणि रोज हॅलोताईचा राग नव्याने पेटायचा.

“आजही मिटली!” ती घरी आल्या आल्या नवऱ्याला सांगायची. “आणि म्हणे मी उघडी टाकली! ज्याने मला शिकवलं त्यानेच असं म्हणावं?”

नवरा बाही जोडत होता. “पण तो खोटं कशाला बोलेल?”

“नोकरी वाचवायला.”

“मग वाचली का?”

“अहो, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे?”

“मी बाहीच्या बाजूचा,” नवरा म्हणाला आणि मशीन चालवू लागला. टाका संपल्यावर त्याने सुई वर घेतली. “हात माझा, हे त्यानेच सांगितलं ना? सांगितलं नसतं तर सगळं तुझ्याच नावावर होतं. एवढं मोठं खरं स्वतःहून सांगायचं आणि मग बारीकसं खोटं बोलायचं, असं कुणी करतं का? मी तरी गिऱ्हाइकाला असं फसवणार नाही. फसवायचंच तर मी आधी पँट लपवेन.”

हॅलोताईला ते लागलं. तिने ताट वाढून घेतलं, पण घास उचलला नाही. मग म्हणाली, “करूनच दाखवते. तेच मशीन, तीच खुर्ची, तोच हात. एकदा ती मिटलेली डोळ्यांनी बघितली की त्याचं तोंड बंद आणि तुमचंही.”

“आणि नाही मिटली तर?”

“मिटेल,” हॅलोताई म्हणाली.

सकाळी ती मॅडमसमोर उभी राहिली. मॅडमना आश्चर्य वाटलं. “ताई, तुमच्यावर कुणाचाच संशय नाही.”

“संशय नाही, पण खात्री कुठे केलीत? सगळ्यांनी माझ्या शब्दावर धरून चाललंय. मला खात्री हवी.”

नवीन मशीन पुन्हा सुरू करायचंच होतं. मॅडम म्हणाल्या, बसा. हॅलोताई त्याच खुर्चीत बसली. नाव सांगितलं, जगजाहीर पासवर्ड सांगितला, त्या दिवशी केलं होतं तसं थोडं काम केलं. मग ‘ठेवते’, एंटर, पडद्याचं बटण. पर्ससुद्धा खांद्याला लावली, कारण त्या दिवशी लावली होती. मग तिने बटण पुन्हा दाबलं. ठेवून झाल्यावर मागे वळून बघायची तिची ही पहिलीच वेळ होती.

पडदा उजळला. काळी खिडकी उघडीच होती. तिच्या ‘ठेवते’खाली मशीनने एक ओळ लिहिली होती: ‘ठेवते, कमांड नॉट फाउंड’. आणि त्याखाली रेघ लुकलुकत होती, पुढचं काय म्हणून विचारत.

अक्षर चुकलं असेल म्हणून तिने पुन्हा लिहिलं. तीच ओळ. तिसऱ्यांदा तर तिने एकेक अक्षर तोंडाने म्हणत लिहिलं. तीच ओळ. मशीनला शब्द कळला नाही की ते असं म्हणतं, हे तिला लंबूनेच पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. खाती नवीन मशीनवर आली, पण त्याने तिच्यापुरता घालून दिलेला तो शब्द जुन्या मशीनवरच राहून गेला होता. नव्या मशीनने तिला बिचाऱ्याने लगेच सांगितलं होतं, बाई, मला हे कळलं नाही. आणि बाईने त्याच क्षणी त्याच्या तोंडावर पडदा पाडला होता. लंबू येऊन बसला तेव्हा खिडकी उघडी होती. त्याला ती सरावाची का वाटली, हेही तिच्या आता ध्यानात आलं. हॅलोताईची खिडकी उघडी राहील असं त्याच्याच काय, कुणाच्याही मनात आलं नसतं.

तिने सावकाश ‘एक्झिट’ लिहिलं आणि एंटर मारला, आणि खिडकी मिटली.

“झालं का ताई?” दारातून मॅडमचा आवाज आला. “मिटली ना?”

खिडकी त्या घडीला खरोखरच मिटलेली होती. ‘हो’ म्हटलं असतं तर ते अक्षरशः खरंच ठरलं असतं, आणि जन्मात कुणाला काही कळलं नसतं. हे तिच्या मनात आलं नाही असं नाही. आलं, चांगलं ठाण मांडून बसलं, आणि तिला स्वतःची शिसारी आली. कडेवरचं ते लेकरू तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

“आत या मॅडम,” ती म्हणाली. “हे बघायला लागेल तुम्हाला.”

तिने सगळं पहिल्यापासून करून दाखवलं. मॅडमनी ती ओळ वाचली, पुन्हा वाचली, आणि खुर्ची ओढून बसल्या. “बरं. तो शब्द नव्याने घालून घेऊ. पण ताई, प्रकरण आता मिटलंय.”

“मिटलं कुठे? लंबूवर झाकण ठेवलंय नुसतं.”

“वर अहवाल गेलाय माझ्या सहीने. तो बदलायचा म्हणजे तुमचं नाव लिहावं लागेल. खाती हलवताना हे तपासायला हवं होतं, तेही लिहावं लागेल, म्हणजे माझं नाव. तुमची निवृत्ती कितीशी लांब आहे? तुम्हाला या मशीनवरून काढतील.”

“काढू देत. बोर्डावर कुणी बाईने पलीकडचं न ऐकता असं ठेवलं असतं, तर मी तिला फाडून खाल्लं असतं. आता माझी पाळी आली तर मी मागच्या दाराने जाऊ?” हॅलोताईचा आवाज चढला. “तुम्ही लिहा. नाही लिहिलंत तर मी अधीक्षकांच्या खोलीत जाऊन तोंडाने सांगेन. आणि माझा आवाज कुठवर जातो ते तुम्हाला ठाऊक आहे.”

मॅडमना ठाऊक होतं. त्यांनी लिहिलं, आणि त्यांच्याही बाजूने सांगायला हवं की स्वतःचं नाव त्यांनी आधी घातलं. अधीक्षकांनी दोघींना उभं करून भरपूर सुनावलं. हॅलोताईचं मशीन गेलं; तिला तळमजल्यावर केसपेपरच्या खिडकीवर बसायचा हुकूम झाला. ‘लंबूचा कागद?’ असं तिने तिथल्या तिथे विचारलं. अधीक्षक म्हणाले, होईल. ती म्हणाली, आज होऊ दे. तो त्याच दिवशी झाला.

कागद झाला, पण लंबू इस्पितळाचा फोन उचलेना. मॅडम म्हणाल्या, संध्याकाळी पुन्हा लावू. “हे फोनवर सांगायचं नाहीच,” हॅलोताई म्हणाली. टेलिफोनवर आयुष्य काढलेल्या बाईच्या तोंडून हे ऐकून मॅडम तिच्याकडे बघतच राहिल्या.

लंबू एका महाविद्यालयासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात लागला होता. दुकानाचं छत बुटकं, त्यामुळे तो दिवसभर मान वाकवूनच उभा असायचा. हॅलोताई फळीपाशी पोचली तेव्हा तो कुणाचे तरी कागद काचेवर पालथे घालत होता. तिला बघून त्याने यंत्र थांबवलं.

वाटेत तिने सुरुवात कशी करायची ते ठरवलं होतं, ती सगळी विसरली. “खिडकी उघडी होती,” ती म्हणाली. “तू खरं बोललास. माझा शब्द नवीन मशीनला कळतच नव्हता आणि मी वळून बघितलं नाही. वर लिहून दिलंय सगळं. तुझा कागद झालाय, उद्या ये. सकाळची पाळीही आता तुझीच.”

“आणि तुम्ही?”

“मी खाली, केसपेपरला.”

लंबूने काचेवरचा कागद उचलला आणि परत तिथेच ठेवला. मग म्हणाला, “मला माहीत होतं, ताई.”

“काय माहीत होतं?”

“प्रयोगशाळेतून फोन आला तेव्हा मी पडद्याकडे नीट बघितलं. वरच ओळ होती ना. ‘ठेवते, कमांड नॉट फाउंड’. तुमची चूक वर आणि माझी तिच्याखाली. तो शब्द नवीन मशीनवर घालायला हवा होता हे मलाही सुचलं नव्हतं.”

“मग त्या दिवशी बोलला का नाहीस? सगळ्यांसमोर मी म्हणाले, मी ठेवलं होतं. तेव्हाच का नाही बोललास?”

“मला वाटलं, तुम्हालाही माहीत आहे.”

हॅलोताईने फळीची कड धरली. “म्हणजे, मी माहीत असून खोटं बोलले?”

“निवृत्ती जवळ आलेली तुमची. वाटलं, घाबरल्या असतील. आज ना उद्या सांगतील. शेवटच्या दिवशी टेबलाशी थांबलो, तर तुम्ही वरसुद्धा बघितलं नाही. मग वाटलं, आता नाही सांगणार.”

“इतकी वर्षं एका टेबलावर काढली आपण,” हॅलोताई म्हणाली. “आणि मी असं करेन, असं तुला वाटलं?”

मागे गिऱ्हाईक खाकरलं. लंबूने तिकडे पाहिलं नाही. “तुम्हाला माझ्याबद्दल नाही वाटलं?”

तिला सांगण्यासारखं खूप होतं. मॅडमनी नोंद दाखवली होती, पासवर्डाचं सगळ्यांच्याच मनात आलं होतं, जुन्या मशीनवर रोज खिडकी मिटत होती. ते सगळं तिने बाजूला ठेवलं.

“वाटलं,” ती म्हणाली. “आणि तुला एकदा विचारावं, असंसुद्धा वाटलं नाही.”

लंबूने मान हलवली.

“मलाही नाही,” तो म्हणाला.